ओव्हरऑइलिंगचा रिव्ह्यू, सोबत ऋण कार्याचा तास फुकट

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. सायकल दुरुस्तीच्या या दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण ते चालवणाऱ्या काकांनी स्वतः सांगितलंय की नाव टाकू नका, रविवारी आधीच उभं राहायला जागा नसते, आणि त्यांचं वय बघता त्यांचा शब्द मोडवत नाही. पुण्यात पेठेत आहे, बोळाच्या तोंडाशी, बोर्डावरची अक्षरं केव्हाच उडालीत, बाहेर जुन्या टायरींची माळ टांगलेली दिसली की तेच. ज्यांना माहितीये त्यांना एवढ्यात कळलं असेल.

मी काही लायक्रा घालून पहाटे निघणारा सायकलवाला नाही. भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, मेकॅनिकल डिप्लोमा, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही एवढीच काय ती खोड. सायकल गिअरची, जाड टायरची. आठवडाभर मुलगी क्लासला नेते, नववीत आहे, रविवारी मी घेतो. पावसाळा संपला आणि सायकल अशी जड झाली की पोरगी म्हणायला लागली बाबा ही चालवत नाही मी, ओढत नेते.

आधी एका चकाचक शोरूमला दिली होती. एसी, कॉफी मशीन, तीनशे रुपयात क्विक सर्व्हिस. तिथल्या पोराने काय केलं तर गंज काढायचा स्प्रे घेतला आणि चेन, गिअर, हब म्हणजे चाकाचा मधला भाग, रिंग, ब्रेक, जे दिसेल त्यावर मारला. वर चाक फिरवून दाखवलं, बघा सर किती स्मूथ. स्मूथ होतंच हो, प्रश्नच नाही. पहिल्या सिग्नलला दोन्ही ब्रेक आवळले तरी सायकल आपली निवांत पुढे, शेवटी चपला घासून थांबवली. म्हणजे घर्षण कमी करा सांगितल्यावर भावाने सगळीकडचंच कमी करून टाकलं, जिथे नको होतं तिथलंही आणि जिथे जीव त्याच्यावर अवलंबून असतो तिथलंही. आणि माझ्या मते चांगला मेकॅनिक आणि नुसता स्प्रेवाला यांच्यातला फरक हा एवढाच असतो, कुठलं घर्षण घालवायचं आणि कुठलं जपायचं हे ज्याला कळतं तो मेकॅनिक. या बाबतीत काका म्हणजे एक नंबर.

सायकल दिल्यावर काकांनी पाना हातात घेतलाच नाही. पुढचं चाक उचलून धरलं, बोटाने हलकेच फिरवलं आणि बघत बसले. मुलगी सोबत होती, तिला म्हणाले बाळा, चांगलं चाक कधी खाडकन थांबत नाही. हळू होत होत शेवटी जरा मागे येतं, परत पुढे जातं, असे दोनचार झोके घेतं आणि जड बाजू, म्हणजे व्हॉल्वची नाहीतर रिफ्लेक्टरची, ती बरोबर खाली आणून मग थांबतं. आमचं चाक पाचेक फेऱ्यांत जागच्या जागी उभं राहिलं, रिफ्लेक्टर वरच. आणि फिरताना दर फेरीला एकाच जागी झ्यॅप, झ्यॅप असा आवाज. काका म्हणाले रिंग आऊट आहे, म्हणजे वाकडी झालीये, गट्टू, म्हणजे ब्रेकचं रबर, घासतोय, आणि कोन, म्हणजे हबमधले छर्रे दाबून धरणारा नट, आवळून ठेवलाय कुणीतरी. मग एक्सेल काढला, आतलं ग्रीस दुधाळ झालेलं, पावसाचं पाणी गेलं की तसं होतं, आणि छर्रे हातावर घेऊन दाखवले, काही चकचकीत तर काहींवर बारीक खड्डे. पुढच्या हबला एका बाजूला 10 छर्रे दीड सुताचे, मागच्याला 9 दोन सुताचे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खड्डेवाले निवडत बसले नाहीत, पुढचे सगळेच बदलले. नवेजुने छर्रे मिसळायचे नसतात म्हणे, नाहीतर लोड चारपाच जणांवरच येतो.

तर ऋण कार्य. नववीच्या पुस्तकात कार्य आणि ऊर्जा असा धडा आहे आणि त्यात धन, ऋण, शून्य असे कार्याचे तीन प्रकार येतात. माझ्या मुलीची पाठांतराने पूर्ण तयारी, बल आणि विस्थापन विरुद्ध दिशेला असले की कार्य ऋण, कोन 180 अंश, कोसाइन उणे एक, गुण मिळाले. पण कार्य उणे म्हणजे नेमकं काय झालं असं विचारलं की गप्प. माझ्या मते याला कारण उदाहरणं, तेच ते टेबलावरून सरकणारं पुस्तक आणि त्याला विरोध करणारं टेबल. काकांच्या स्टँडवर ती गोष्ट डोळ्यासमोर होती. चाकाची कड जातेय पुढे, गट्टू धरतोय मागे. बल मागे, हालचाल पुढे, म्हणून गट्टूने चाकावर केलेलं कार्य उणे, आणि उणे याचा अर्थ एवढाच की चाकाकडे जी गतिज ऊर्जा होती तिच्यातून तेवढे ज्यूल वजा झाले. ते नष्ट बिष्ट काही होत नाहीत, गट्टूत आणि रिंगेत उष्णता होऊन बसतात, थोडे आवाजात जातात, त्या झ्यॅप झ्यॅपचे पैसे पण आपल्याच पायाने भरलेले असतात.

काम झाल्यावर घरी येऊन मोजलं, सर्व्हिसच्या आधीही मोजून ठेवलं होतं. पद्धत अगदी साधी आहे, कुणीही करा. आमच्या सोसायटीचा पार्किंगचा रॅम्प साधारण 2 मीटर उंचीचा, पुढे गेटबाहेर सरळ रस्ता. रॅम्पच्या माथ्यावर सायकलवर बसायचं, पाय उचलायचे, पायडल अजिबात मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, आणि सायकल आपोआप थांबते तिथे खूण करायची. माझं आणि सायकलचं मिळून वजन 90 किलो. रॅम्पवर असताना स्थितिज ऊर्जा 90 गुणिले 9.8 गुणिले 2, म्हणजे 1764 ज्यूल. थांबल्यावर शून्य. म्हणजे मधल्या अंतरात घर्षणाने आणि हवेने मिळून बरोब्बर उणे 1764 ज्यूल कार्य केलं, एक ज्यूल इकडे नाही तिकडे नाही. आता त्याला अंतराने भागा की सरासरी रोखणारं बल मिळतं. वॉचमनला वाटलं साहेबांचं काहीतरी बिनसलंय, रविवारी सकाळी सायकलवर बसून नुसतेच घरंगळतायत आणि खडूने रस्त्यावर रेघा मारतायत.

सर्व्हिसच्या आधी सायकल साधारण 80 मीटरवर थांबायची. म्हणजे रोखणारं बल 22 न्यूटन. काकांनी रिंगेचा आऊट काढला, गट्टू लांब केले, छर्रे ग्रीस बदललं, तेव्हा तीच सायकल तोच मी, 120 मीटर. म्हणजे 14.7 न्यूटन. टायरमधली हवा मुद्दाम तेवढीच ठेवली होती. मग टायरमध्ये नीट हवा भरली तर 160 मीटर, 11 न्यूटन. सायकलचं वेड असलेले लोक म्हणतील हे काय सायंटिफिक नाही, वारा असतो, रस्ता किंचित उताराचा असेल. असेल की. पण अंतर दुप्पट झालं हे काही वाऱ्याने होत नाही.

त्या 22 आणि 14.7 मधला फरक 7.3 न्यूटन. ऐकायला फुसका आकडा, पाऊण किलोच्या पिशवीचं वजन जेमतेम. पण कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि अंतर थांबत नाही ना. किलोमीटरला 7300 ज्यूल. ताशी 15 ने चालवली तर सेकंदाला 30 ज्यूल, म्हणजे 30 वॅट. साधारण माणूस आरामात सायकल चालवतो तेव्हा 75 ते 100 वॅटच्या आसपास देतो. म्हणजे पोरगी जेवढा जोर लावत होती त्यातला तिसरा हिस्सा तरी ब्रेक आणि जॅम हब खात होते. ती ओढत नेते म्हणायची ते अगदी बरोबर होतं.

बरं यात बेअरिंगचा वाटा किती हे मी काकांना विचारलं, कारण सगळे सायकलवाले बेअरिंग बेअरिंग करत असतात. काकांचं उत्तर आवडलं आपल्याला. म्हणाले चांगल्या हबचे छर्रे काहीच खात नाहीत, लोक उगाच महागाचं बेअरिंग टाकायला येतात. खातो तो घासणारा गट्टू, त्याच्या खालोखाल हवा नसलेला टायर, मग मळलेली चेन, मग बाकीचं. हजाराचं सिरॅमिक बेअरिंग विकणं त्यांना सहज शक्य होतं, विकलं नाही. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण एक स्टार द्यायला तयार आहे. स्वच्छ, तेल दिलेली चेन तुम्ही पायडलला दिलेल्या शक्तीतली 95 ते 98 टक्के मागच्या चाकाला पोचवते, म्हणजे तिथे मुळात वाचवण्यासारखं फार काही नसतं, फक्त ती मळू द्यायची नाही. काका चेनला तेल घालून झाल्यावर फडक्याने पुसून काढतात, तेल कडीच्या आत पाहिजे, बाहेर राहिलं की धूळ धरतं आणि त्याची पेस्ट होऊन दात झिजतात. आपल्याकडे उलटी पद्धत, चेनवरून तेल ठिबकलं पाहिजे तरच सर्व्हिस झाल्यासारखी वाटते.

हवेचं तर विचारूच नका. टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, आमच्यावर 40 ते 65 पीएसआय लिहिलंय आणि भरलेली निघाली 22. अंगठ्याने दाबून ठीक आहे म्हणणारे आम्ही सगळेच. हवा कमी असली की टायर रस्त्यावर टेकतो तिथे चेपतो, पुढे गेला की परत फुगतो, पण चेपायला जेवढी ऊर्जा घेतली तेवढी रबर परत देत नाही, थोडी आतच गरम होऊन जाते. हे सुद्धा घर्षणच, फक्त रबराच्या पोटातलं. फार टणक पण करू नका, आपले रस्ते बघता सायकल उडते आणि प्रत्येक उडीत परत ऊर्जा जातेच, आम्ही 50 वर ठेवलीये.

आता ब्रेक. मला वाटतं शाळेत ऋण कार्य शिकवताना सुरुवातच ब्रेकपासून करावी, कारण तिथे ऋण कार्य हवं असतं, विकत घेतलेलं असतं. नुकसान, लॉस, वाया असले शब्द घर्षणाला इतके चिकटलेत की पोरांना वाटतं ऋण म्हणजे वाईटच. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर, 90 किलोची गतिज ऊर्जा 1125 ज्यूल. ताशी 36 म्हणजे सेकंदाला 10 मीटर, ऊर्जा 4500 ज्यूल. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, आणि ही सगळीच्या सगळी कुणीतरी काढून घेतल्याशिवाय सायकल थांबणार नाही. समजा ब्रेक लावल्यावर रोखणारं बल 360 न्यूटन मिळालं, तर पहिल्यात तीनेक मीटरमध्ये थांबाल, दुसऱ्यात साडेबारा. ते साडेबारा मीटर म्हणजे समोरच्या रिक्षाच्या मागच्या पत्र्याच्या आत. पोरीला हे आकडे मी काकांच्या दुकानातच पाटीवर, म्हणजे त्यांच्या बिलाच्या कागदामागे, लिहून दाखवले आणि काका म्हणाले साहेब हा कागद राहू द्या इथेच, ब्रेक नको म्हणणाऱ्या कॉलेजच्या पोरांना दाखवतो. ब्रेक काढून टाकायची फॅशन आहे म्हणे सध्या, काय बोलणार.

काका ब्रेकचं काम करतात ते बघण्यासारखं असतं. गट्टू काढला, त्याच्या तोंडावर काळी चकाकी आलेली, काचपेपरवर घासून ती घालवली. मग टोच्याने गट्टूत रुतलेले चंदेरी कण एकेक करून काढले, ते रिंगेचंच ॲल्युमिनियम असतं, ते राहिले तर रिंग खरवडत राहतात. रिंग स्पिरिटच्या फडक्याने पुसली, शोरूमवाल्याच्या स्प्रेचं तेल त्या फडक्यावर पिवळं उतरलं. आणि गट्टू परत बसवताना मागच्या बाजूला व्हिजिटिंग कार्डाची घडी घालून नट आवळला, म्हणजे गट्टूची पुढची कड रिंगेला आधी टेकते, मग बाकीचा. असं केलं नाही तर ब्रेक किंचाळतो. शेवटी तेच कार्ड गट्टू आणि रिंगेच्या मधून दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं, कुठे अडकत नाही ना. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर ब्रेक सोडलेला असताना कार्य शून्य आणि धरल्यावर पुरेपूर, मधलं काही नको.

सिंहगडला सायकल नेणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो कारण तिथे हा सगळा विषय एकदम नीट उलगडतो. घाट आठेक किलोमीटरचा धरा आणि हिशोबाला चढ 500 मीटर धरा. 90 किलो वर न्यायला 441 किलोज्यूल लागतात. चढताना गुरुत्वाकर्षण खाली ओढतं आणि तुम्ही वर जाता, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचंही कार्य ऋणच, उणे 441. मुलीचा लगेच प्रश्न, मग घर्षणात आणि याच्यात फरक काय, दोन्ही उणेच की. हाच प्रश्न पुस्तकाने विचारायला हवा होता. फरक असा की गुरुत्वाकर्षणाने घेतलेले 441 तुमच्या उंचीत तसेच्या तसे शिल्लक राहतात आणि उतरायला लागलात की तेच गुरुत्वाकर्षण अधिक 441 करून देतं, पै न पै. घर्षण मात्र जातानाही उणे आणि येतानाही उणे. शिवाय गुरुत्वाकर्षणाला रस्त्याशी देणंघेणं नाही, गाडीरस्त्याने जा नाहीतर पायवाटेने सायकल खांद्यावर घेऊन जा, त्याचा हिशोब फक्त उंचीचा. घर्षण प्रत्येक वळणाचे पैसे वेगळे लावतं. अर्थात शरीर त्यापेक्षाही बेभरवशाचं, खाल्लेल्यातलं पाव भाग जेमतेम पायडलला पोचतं, त्यामुळे वर पोचल्यावर कांदाभजी आणि दही खाताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

खाली पायथ्याला येऊन थांबलात की वेग शून्य, उंची पण गेली. मग ते 441 किलोज्यूल कुठे गेले? पुरतं सव्वा लिटरच्या वर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवता येईल एवढी ऊर्जा आहे ती. भन्नाट वेगात उतरणारा त्यातली बरीचशी हवेला देतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि घाबरत घाबरत ब्रेक धरून उतरणारा ती गट्टूला आणि रिंगेला देतो. म्हणजे जपून चालवणाऱ्याचेच ब्रेक जास्त तापतात, ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब तोच सांगतो. काकांचा सल्ला, घाटात ब्रेक सतत चिमटीत धरून ठेवू नका, जोरात धरा, वेग पाडा, सोडा, रिंगेला वारा लागू द्या, परत धरा. सतत धरलं की गट्टू तापून कडक होतो, तीच ती काळी चकाकी, मग पकड जाते, आणि फारच तापलं तर आतली ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकवाल्यांनी खाली आल्या आल्या डिस्कला बोट लावून बघू नये. शंभर-सव्वाशे ग्रॅमची पातळ चकती असते ती, ताशी 36 वरून एकदा थांबलात आणि सगळी ऊर्जा एकाच चकतीत गेली तर तेवढ्यातच 70-90 अंशांनी तापू शकते.

घर्षणातून उष्णता निघते हे आपल्याला शाळेपासून माहीत, पण ती कितीही वेळ निघत राहते, संपतच नाही, हे पहिल्यांदा लोकांच्या डोक्यात भरवलं रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने, 1798 साली, म्युनिकमध्ये तोफा कोरण्याच्या कारखान्यात. मुद्दाम बोथट ड्रिल लावून तोफेचा पितळी तुकडा पाण्यात कोरायला घेतला आणि अडीच तासांत पाणी उकळलं, खाली विस्तव नाही काही नाही. फिरवायला घोडे होते. तोपर्यंत बरेच लोक उष्णता म्हणजे पदार्थात भरलेला एक द्रव समजत होते. काकांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले त्यात काय, आमच्याकडे ग्राइंडरवर रोज होतं.

मुलीच्या स्वाध्यायात एक विधान होतं, घर्षण बलाने केलेलं कार्य नेहमी ऋण असतं, चूक की बरोबर. तिने बरोबर लिहिलं होतं, मी म्हटलं चल सायकलपाशी. कॅरियरवर क्लासची बॅग नुसती ठेवली, क्लिप न लावता, आणि सायकल हळू पुढे ढकलली. बॅग पुढे आली. तिला पुढे कुणी आणलं? कॅरियरच्या घर्षणानेच ना. बॅगेवरचं घर्षण पुढे, बॅग पुढे, म्हणजे कार्य धन. मग खाडकन ढकललं तर बॅग मागे राहून पडली, घर्षण तेवढं पुरलं नाही. आणि दुसरी गंमत मागच्या टायरची. टायर रस्त्याला मागे ढकलतो आणि रस्ता घर्षणानेच टायरला पुढे ढकलतो, सायकल पुढे जाते ती घर्षणाच्या जोरावर, पण टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी घसरत नाही, स्थिर असतो, म्हणून तिथे घर्षणाचं कार्य शून्य. घसरला की गेलं, मग रस्त्यावर काळा पट्टा उमटतो आणि टायर झिजतो. चाक लॉक करून ब्रेक मारणाऱ्यांचा टायर म्हणूनच एका जागी टक्कल पडलेला असतो, गट्टूने करायचं काम ते टायरकडून करून घेतात. काकांनी दुकानात असा एक टायर नमुना म्हणून टांगलाय.

जुना डायनॅमो आठवतोय का कुणाला? टायरला टेकवला की बाटलीसारखा गरगरायचा आणि पायडल लगेच जड. काकांकडे अजून दोन पडलेत, 6 व्होल्ट 3 वॅटचे. तो सुद्धा चाकावर ऋण कार्यच करायचा, फक्त घेतलेल्या ऊर्जेतली सगळी उष्णता न करता थोडी दिव्याला द्यायचा. 3 वॅटच्या दिव्यासाठी पायाकडून त्याच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचा ती गोष्ट वेगळी. आताच्या इलेक्ट्रिक स्कूटर उतारावर बॅटरीत थोडं परत भरतात ते याच घराण्यातलं. मुलीने डायनॅमो स्टँडवर लावून फिरवला, दिवा लावून आणि दिवा काढून, आणि दिवा लागलेला असताना चाक लवकर थांबतं हे तिचं तिनेच शोधलं. माझ्या अख्ख्या भाषणापेक्षा ते तिच्या जास्त लक्षात राहिलंय.

तर आता तो अर्धा स्टार. एक म्हणजे सायकल कधी मिळणार हे काका सांगत नाहीत, उद्या म्हणजे उद्याच असं धरून चालू नका, आणि फोन उचलत नाहीत कारण हात ग्रीसमध्ये असतात. दुपारी बंद असतं, त्यावर विनोद करू नका, म्हातारा माणूस जेवून पडतो जरा. पावती पक्की मिळत नाही. आणि सीट पोस्ट काढून ग्रीस लावायचं राहिलं होतं, अजून कुरकुरतंय, ते मोजणीत येत नाही पण डोकं खातं. परत नेली तर फुकट करून देतील याची खात्री आहे, पण मुळात ओव्हरऑइलिंग म्हटल्यावर ते व्हायला हवं होतं.

बिल झालं 850. त्यात ओव्हरऑइलिंग 500, दोन्ही चाकांचा आऊट 150, पुढचे छर्रे आणि ग्रीस 80, मागच्या ब्रेकचे नवे गट्टू 120, पुढचे काचपेपर मारून चालतील म्हणाले, बदलायला लावले नाहीत. स्कॅनर आहे पण काउंटरखाली, मागावा लागतो. हायड्रॉलिक डिस्कवाल्यांनी जाऊ नये, काका ते काम घेत नाहीत, तेल भरायचं किट नाही माझ्याकडे असं सरळ सांगतात. मेकॅनिकल डिस्क, साधे गट्टूवाले आणि जुने रॉड ब्रेकवाले सगळे चालतात, फक्त रविवार सोडून जा.